आईचा पाय कुणामुळे बरा झाला

३ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू रडायला लागलीस आणि मी "आता ठेवते" म्हणाले, म्हणून रागावली असशील. पण आई शेजारच्याच खाटेवर होती आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. सविस्तर पत्रातच लिहिते. एकतीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईच्या पोटी आलोय आपण. "फोनवर माणूस पटकन खोटं बोलतं, कागदावर हात अडखळतो," हे तिचं वाक्य ऐकून ऐकून पाठ झालंय.

तर झालं असं. बादली घेऊन जिना उतरत होती. बादली मी नेते असं शंभरदा सांगितलंय, पण ऐकेल तर ती आपली आई कसली! शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरली. उजव्या खुब्यापाशी हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, आत सळई आणि स्क्रू बसवलेत. त्या वेळी तपासण्या केल्या तेव्हा हृदयाचे ठोके मधूनच चुकतात असंही दिसलं, त्यासाठी एक गोळी सुरू केलीय, ती आता कायमचीच. सर्जननी मला बाहेर नेऊन सांगितलं, हाड त्याच्या वेळेने जुळेल, पण बाई पाऊल टाकायला शिकल्या नाहीत तर खाटेवरच राहतील. या वयात बऱ्याच जणी राहतात म्हणे. हे मी आईला सांगितलेलं नाही.

रोज तीनदा व्यायाम आहे. व्यायामवाल्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मीच. दुकान पुढच्या खोलीत आहे म्हणून बरं. मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि एक डोळा आईवर ठेवायचा.

तू येऊ नकोस. चार दिवस राहशील, रडशील आणि जाशील. मग मला एकीच्या जागी दोघींना सावरावं लागेल.

चिंगी


१२ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

"येऊ नकोस" किती सहज लिहिलंस गं! जशी काही आई तुझ्या एकटीच्या नावावर आहे.

बरं, नाही येत. येता येणारही नाही. मालकीणबाई मुलीकडे गेल्यात, सगळं दुकान माझ्या गळ्यात आहे. पण मी हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. सोबत बाटली पाठवतेय. आमच्या दुकानात हिच्याइतकं दुसरं काही खपत नाही. हळदीचा अर्क, सालईचा डिंक आणि सुंठ, हिरव्या कॅप्सूलमध्ये भरलेलं. सूज उतरते, ठणका कमी होतो. धावणारी पोरं नेतात, गुडघे धरून येणाऱ्या बायका नेतात. सकाळी आठला एक, रात्री आठला एक, जेवण झाल्यावर, कोमट पाण्याबरोबर. उपाशीपोटी नको. डॉक्टरांना विचारत बसू नकोस, ते उगाच नाकं मुरडतात. झाडपालाच आहे, त्याने कुणाचं काय बिघडणार?

बाकी, दोन पायांच्या मध्ये उशी ठेव. बर्फ थेट कातडीला लावू नकोस. मजला ओला ठेवू नकोस. खाट भिंतीकडून जरा पुढे ओढ म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येईल. आईला पाणी कमी पिऊ देऊ नकोस, संडासला जावं लागतं म्हणून ती मुद्दाम पीत नाही, मी ओळखते तिला.

तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवलीय. ती तिची तिला वाचू दे.

ताई


८ मार्च

ताई,

आनंदाची बातमी आधी. काल आई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि परत आली. व्यायामवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी होते, दोन्ही हात तिच्या कमरेपाशी, न लावता, पडलीच तर धरायला. घामाने माझा ब्लाऊज भिजला.

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. "अहो, पाच आठवड्यांत एवढं!" असं म्हणाल्या. आणि आपली आई काय म्हणाली असेल?

"थोरलीने कॅप्सूल पाठवल्यात ना. पहिल्या दिवसापासून फरक पडला."

पहिल्या दिवसापासून! पहिल्या दिवशी मी तिचा पाय चार बोटं उचलला तर ती मला चावायला उठली होती!

ताई, हाडाची काडं मी करतेय. सकाळी सातला टाच मागे ओढायची पंधरा वेळा, मग मांडी आवळून धरायची, मग पाय बाजूला न्यायचा. पुन्हा अकराला. पुन्हा पाचला. ती शिव्या देते, मी आकडे मोजते. बर्फ टॉवेलात गुंडाळते, अंग पुसते, केस विंचरते. आणि नाव कुणाचं? तर पाकिटात बाटली घालून पाठवणाऱ्या बाईचं! तू उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्यांनी तुझेच गोडवे गायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

बाटली उशाशी असते. तुझी चिठ्ठी तिला रबराने बांधून ठेवलीय. येईल त्याला दाखवते. काकू तर नाव लिहून घेऊन गेल्या. मला हाक मारते ती फक्त भांडं हवं असलं की.

लहानपणी सुट्टीत टपालाच्या फेरीला ती तुलाच न्यायची. मी फाटकाशी गळा काढून रडायचे. "तुझे पाय पुरणार नाहीत," म्हणायची. आज तिचे पाय कोण पुरवतंय?

मी जळतेय, ताई. आडपडदा कशाला ठेवू? तुझ्या त्या हिरव्या कॅप्सूल बघितल्या की माझ्या पोटात दुखतं, आणि त्यावर तुझ्या दुकानात काही औषध असेल असं वाटत नाही.

चिंगी


१७ मार्च

प्रिय चिंगे,

अगं, किती जळशील! पत्राचा कागद काळा कसा झाला नाही याचंच मला नवल वाटलं.

आईने माझं नाव घेतलं तर तुझं काय गेलं? तू चोवीस तास समोर आहेस. समोरच्या माणसाचं कुणी नाव घेत बसतं का? व्यायामाचं महत्त्व मला कळत नाही असं नाही. पण मला सांग, सूज उतरल्याशिवाय पाय हलला असता का? आणि सूज कशाने उतरली? तूच सांग, मी नाही सांगत.

खरं सांगू, मला इतका अभिमान वाटला की मी काउंटरवर पाटीच लावलीय. "माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. या कॅप्सूलने पाच आठवड्यांत उभी राहिली." लाल शाईने, सुवाच्य अक्षरात. लोक थांबून वाचतात, चौकशी करतात. मी सगळं सांगते, तुझ्या व्यायामाचंही सांगते हो, शेवटी.

पहिली बाटली संपत आली असेल. ही मोठी पाठवतेय, एकशेवीसची. एकही चुकवू नकोस. आणि मनातली ती जळमटं काढून टाक बघू. धाकटी असलीस म्हणून काय जन्मभर फाटकाशीच रडत उभी राहणार?

ताई


४ एप्रिल

ताई,

मोठी बाटली मिळाली. कॅप्सूल अगदी वेळेवर चालू आहेत, सकाळी आठ, रात्री आठ. तू म्हणतेस तेच खरं, मी उगाच त्रागा केला.

आई वॉकर सोडून काठीवर आलीय. फाटकापर्यंत जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गप्पा मारते. कालच म्हणाली, ही नवी बाटली आधीच्यापेक्षा जास्त जोरदार आहे, हिने पायात ताकदच आलीय. मी "हो" म्हणाले. मला आता राग येत नाही. उलट गंमत वाटते.

तू तब्येतीला जप.

चिंगी


२६ एप्रिल

चिंगे,

काल फोनवर मी किंचाळले. तू गोळीचं नाव वाचलंस, "बंद केल्यात" म्हणालीस आणि फोन ठेवलास. नीट सांगते.

इथे एक सुतारकाका आहेत. खांदा धरून आले, माझी पाटी वाचली आणि बाटली घेऊन गेले. ते हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतात. ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. झाडपालाच तर आहे! परवा त्यांची सून आली. त्यांच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना, दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, त्या गोळीबरोबर असा दाट अर्क घेतला तर काही जणांना रक्तस्राव होऊ शकतो. आता बरे आहेत. सून भांडलीसुद्धा नाही. बाटली काउंटरवर माझ्या पाटीसमोर ठेवली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि मग मला तुझं पहिलं पत्र आठवलं. ठोके चुकतात, एक गोळी सुरू केलीय. मी ते वाचलं होतं, चिंगे! वाचलं, आणि गोळी कसली हे विचारायचं सोडून तुला खाट पुढे ओढायला सांगितलं. काल तू फोनवर गोळीचं नाव वाचून दाखवलंस. तीच आहे.

अजून नेलं नसशील तर पत्र मिळताच डॉक्टरांकडे ने. रक्त तपासून घे. अंगावर कुठे निळेकाळे डाग आहेत का ते बघ आणि मला कळव.

पाटी फाडून टाकलीय. तुझं मागचं पत्र वाचून मी किती खूश झाले होते! चिंगीचं मन केवढं मोठं, असं म्हणाले होते.

ताई


९ मे

चिंगे,

पत्र नाही. फोन केला तर "ठीक आहे" म्हणतेस आणि मशीनचा आवाज ऐकवतेस. आई ठीक म्हणजे किती ठीक? त्या दिवशी "कोपरावर निळा डाग आहे" म्हणालीस, तो गेला का? वाढला का?

काउंटरवर उभी राहते आणि येईल त्याला आधी विचारते, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता, डॉक्टरांना विचारलंय का? निम्मे लोक वैतागून निघून जातात. जाऊ देत. मालकीणबाई परत आल्यात, त्या गल्ला मोजतात आणि माझ्याकडे बघतात.

मी आईला मारलं असतं, चिंगे. मोठेपणा मिरवायला गेले आणि दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर, जेवण झाल्यावर... आणि ती बिचारी ती बाटली उशाशी घेऊन झोपते.

आईला सांगितलंस का? सांगू नकोस. नाही, सांग. मला काही कळत नाही. तू तिथे होतीस म्हणून ती वाचली. तूच खरी लेक.

दोन ओळी तरी लिही.

ताई


१८ मे

ताई,

बस, एक घोट पाणी पी, मग वाच.

दुसऱ्या बाटलीतलं आईच्या पोटात काहीच गेलेलं नाही. ती बाटली आली त्याच दुपारी आई झोपलेली असताना मी मशीनच्या टेबलावर पेपर पसरून बसले. कॅप्सूल दोन बोटांत धरून फिरवली की उघडते. एकशेवीस उघडल्या. पिवळी पूड मोरीत ओतली, आत कणीक भरली आणि पुन्हा मिटवल्या. दोन दिवस माझी बोटं पिवळी होती. आईने विचारलं तर गिऱ्हाइकाच्या कापडाचा रंग लागला म्हणाले.

मला तुला खोटं पाडायचं होतं. आई कणकेवर चालायला लागेल, आणि मग एक दिवस काकूंच्या, व्यायामवाल्या बाईंच्या, सगळ्यांच्या देखत सांगेन, बघा, ही ताईची जादू! तो दिवस मी मनात कितीदा बघितला असेल! पण आई म्हणाली ही बाटली जास्त जोरदार आहे, आणि माझा डाव माझ्याच अंगाशी आला. तुझ्या हळदीला मिळालं नाही तेवढं श्रेय माझ्या कणकेला मिळालं, तेही तुझ्या नावावर.

मी तिचा जीव वाचवला असं चुकूनही समजू नकोस. मला त्या गोळीचं काही ठाऊक नव्हतं. पहिली बाटली तर तिने पूर्ण घेतली, खरीखुरी. ती मी डॉक्टरांना दाखवायला हवी होती. का नाही दाखवली सांगू? ते "छान आहे, द्या" म्हणाले असते तर मी काय केलं असतं? या भीतीने पिशवीतून काढलीच नाही. तुझा फोन आल्यावर नेलं तिला. रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. डॉक्टर मला खूप बोलले. कोपराचा डाग दाराच्या कडीचा होता, चार दिवसांत गेला.

आणि आता खरी गोष्ट. हे सगळं मी तुला त्याच आठवड्यात कळवू शकले असते. तीन आठवडे नाही कळवलं. तू फोनवर रडायचीस आणि मला बरं वाटायचं. म्हटलं, आता हिला कळू दे, रात्रंदिवस आईच्या काळजीत असणं काय असतं. "तूच खरी लेक" हे तू लिहिलंस ते मी चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचवेना.

चिंगी


२५ मे

चिंगे,

तू वाईट आहेस. हे लिहायला माझा हात अडखळला नाही.

तीन आठवडे! मी मनातल्या मनात आईचं काय काय करून टाकलं तुला माहीत आहे? पण तुला वाटतं मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय? नाही.

मी इथे दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहते. सकाळी आठ वाजले की चहाचा कप हातात घेऊन म्हणायचे, आता आईने माझी कॅप्सूल घेतली. रात्री आठ वाजले की पुन्हा. दिवसातून दोनदा मी त्या घरात येऊन जात होते. तू कणीक भरलीस आणि मला बाहेर काढून दार लावून घेतलंस. सात तुझे, अकरा तुझे, पाच तुझे. अख्खी आई तुझी. तरी माझं ते दोन घोट पाणी तुला बघवलं नाही!

तू म्हणतेस तू जळतेस. मला विचार जळणं काय असतं. तुझं पत्र आलं की मी आधी आईची ख्यालीखुशाली वाचत नाही. आधी बघते, तिने माझं नाव काढलं का.

आईला सगळं सांग. माझी पाटी, सुतारकाका, तुझी कणीक, सगळं. आठ दिवसांत नाही सांगितलंस तर मी तिच्या नावाने पत्र टाकीन, आणि तिच्या नावाचं पत्र फोडायची तुझी छाती नाही.

ताई


२ जून

ताई,

सांगितलं.

अंगणात खुर्चीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. मी समोर पायरीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "थोरलीने एवढ्या मायेने पाठवलेलं तू मोरीत ओतलंस?"

झालं! एवढंच! जिवावर बेतलं असतं त्याचं काही नाही, मी चार महिने राबले त्याचं काही नाही. मोरीत ओतलं, ते लागलं तिला.

माझा तोल गेला. मी ओरडले, "आई, कणकेवर चाललीस तू, कणकेवर! मग सांग ना, कशामुळे चाललीस? कुणामुळे?"

तर माझ्याकडे बघून म्हणते, "माझी मी चालले. पाय कुणाचा आहे?"

आणि उठली, काठी टेकत आत गेली. पाठ ताठ, एकदम झोकात. मला हसू येईना की रडू येईना. मशीनवर जाऊन बसले आणि कुणाच्या तरी पँटची चांगली शिवण उसवून ठेवली.

ताई, तू ये. चार दिवस नाही, महिनाभर. मालकीणबाई आल्यात, सुट्टी मिळेल. आता धोका टळलाय, पण व्यायाम अजून दोन वेळा आहे, त्याचा कागद भिंतीला लावलाय. तिच्या गोळ्यांची यादीही लावलीय, डॉक्टरांकडून तपासून. मी तुझ्या खोलीत जाऊन राहते. दुकानातल्या मशीनवर "एक महिना बंद" अशी चिठ्ठी लावते. मलाही एकदा लांब राहून बघायचंय. सकाळी आठला चहाचा कप हातात घेऊन म्हणायचंय, आता ती माझ्याबद्दल बोलत असेल.

उपकार करतेय असं समजू नकोस. मी अजून जळतेच आहे.

चिंगी


४ जुलै

चिंगे,

तुझ्या नावाने माझे कान किटले आहेत!

मी बर्फ गुंडाळला की, "धाकटी टॉवेल आधी ओला करायची." मी मोजायला लागले की, "धाकटी इतकी भराभर मोजत नव्हती." केस विंचरायला घेतले तर म्हणे माझा हात जड आहे. तुझा हलका आहे म्हणे! ज्या हाताने तू लहानपणी माझ्या वेण्या उपटायचीस तो! परवा समोरच्या काकू आल्या. मी आत होते. आई त्यांना सांगत होती, "धाकटीने उभं केलं हो मला. मी तिला काय काय बोलले, पण तिने एक दिवस चुकवला नाही. नाहीतर आज मी खाटेवरच असते." काकूंनी विचारलं, आणि त्या कॅप्सूल? तर म्हणाली, "कसल्या कॅप्सूल?"

मी हातातलं पातेलं आपटलं. आई म्हणाली, "धाकटी भांडी आपटत नव्हती."

हे तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन दिवस कळवलं नाही, आणि तुझ्यासारखंच मलाही त्यात बरं वाटलं. पण आईने आजच विचारलं, तिला पत्र टाकलंस का, आणि काय लिहिलंस ते सांग म्हणाली. म्हणून लिहिते.

पायाचं म्हणशील तर काल काठी विसरून नळापर्यंत गेली. मी मागे होते, हात न लावता. तू लिहिलं होतंस तसा घाम येतो खरा.

चौदा तारखेच्या गाडीने तू येणार आहेस. तिकीट पुढे ढकल, पंधरा दिवस तरी. मालकीणबाईंना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्या. तू दारात पाय ठेवलास आणि मी गाडीत बसले की ही लगेच "थोरली असं करायची, थोरली तसं करायची" सुरू करणार, मला पक्कं माहीत आहे. पण ते ऐकायला मी इथे नसेन. मला एकदा इथे असताना ऐकायचंय, चिंगे. तेवढं होऊ दे, मग ये.

ताई